झिऱ्यावर कोणीच नव्हतं

मोहगावाहून सौसरकडे जाणाऱ्या सडकेला लागून खडकाच्या पोटातून एक झिरा वाहत असे. वैशाखात विहिरींनी तळ गाठला की जवळचं सारं गाव पिण्याच्या पाण्यासाठी या झिऱ्यावर येई. गावातल्या बाया थेट खडकाशी घागर लावत. बौद्ध मोहल्ल्यातल्या बाया मात्र खाली उतारावर रिकामे गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, ठेवून उभ्या राहत. कोणाला दया आली, की ती आपली घागर वरून त्यांच्या गुंडात ओती. ओतणारीला पुण्य केल्याचं समाधान मिळे, आणि घेणारीनं ‘बरं झालं माय’ म्हणावं अशी रीत होती. ही काही पेशवाईतली गोष्ट नव्हे. साल होतं १९८३.

इंदू या मोहल्ल्यातली सून. तिची सासू मनकर्णा हिनं दीक्षा घेतली तेव्हा घरातले सारे देव टोपलीत भरून नदीत सोडले होते आणि मागं वळूनही पाहिलं नव्हतं. देवांना न भ्यालेली ती बाई झिऱ्याला मात्र भीत असे. कारणही तसंच होतं. मागे मोहल्ल्यातल्या कवडूनं झिऱ्यात पाणी प्यायचा गडवा बुडवला. त्याला कोणी मारलं नाही, शिवीसुद्धा दिली नाही. फक्त त्या वर्षी एकाही संत्र्याच्या बगीच्यात त्याला काम मिळालं नाही. इंदूचा नवरा देवीदास पाटलांच्या बगीच्यातच राबत होता.

त्या दिवशी पाटलांच्या मुलाचं लग्न होतं. वरात लोधीखेड्याला गेली आणि तिच्याबरोबर सारं गाव ट्रॉल्यांत बसून गेलं. घरचं पाणी संपलं म्हणून इंदू भर दुपारी चार वर्षांच्या कुसुमला घेऊन झिऱ्यावर आली. पाहते तो झिऱ्यावर चिटपाखरू नाही. खडकातून पाणी आपलं वाहतंय.

इंदूनं नेहमीच्या जागी गुंड ठेवला आणि ती उभी राहिली.

“माय, तहान लागली व.”

“थांब ना बेटा. कोनी तं येईनच.”

कोण येणार होतं? सारं गाव लोधीखेड्याला जेवत होतं. इंदूलाही ते ठाऊक होतं. पण सासूनं घालून दिलेली, रोजच्या उभं राहण्यानं अंगात मुरलेली गोष्ट होती ती. पाय पुढं जाईनात.

इतक्यात एक ट्रक थांबला. ड्रायव्हर आणि क्लीनर उतरले, ओंजळी भरभरून प्याले, डोकी भिजवली, कॅन भरला. इंदूला धीर आला.

“भाऊ, माह्या गुंडात टाकून देजा जरासं.”

क्लीनर परमुलखातला. त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग झिऱ्याकडे.

“अरे बाई, पानी तो बह रहा है. ले लो ना!”

तो हसला आणि ट्रकवर चढला. बाईला दोन हात आहेत, समोर पाणी आहे, मग हिला वाढायला कोण हवं, हे त्या बिचाऱ्याला कसं कळावं? ट्रक गेला. कुसुम रडायला लागली होती, तिचे ओठ वाळले होते. इंदूनं एकदा खडकाकडे पाहिलं, एकदा सडकेकडे पाहिलं. आणि मग ती खाली गेली, जिथं वाहून आलेलं पाणी डबऱ्यात साचे आणि गावच्या म्हशी बसत. तिनं पदर दुहेरी केला, पाणी गाळलं, लेकीला पाजलं आणि तेच गुंडात भरून घरी आणलं.

संध्याकाळी कुसुमला ओकाऱ्या सुरू झाल्या, मग हगवण. सकाळी देवीदासनं तिला खांद्यावर घेतलं आणि सौसरच्या दवाखान्याकडे धावत सुटला. दवाखाना आला तेव्हा खांद्यावरचं ओझं निपचित झालं होतं. डॉक्टरांनी हात लावून पाहिला आणि मान हलवली.

तिसऱ्या दिवशी शाळेतल्या गुरुजींच्या बायको रजनीबाई भेटायला आल्या. बाई मनानं वाईट नव्हत्या. झिऱ्यावर मोहल्ल्यातल्या बायांना जास्तीत जास्त पाणी त्याच ओतत. आंगणाच्या कडेला उभं राहून त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि अगदी कळवळून म्हणाल्या, “पन इंदू, झिऱ्यावर तं कोनीच नव्हतं ना व त्या दिवशी? मंग काहून नाही भरलं? तुले अडवलं कोनं?”

 लेक गेली तेव्हा इंदूनं हंबरडा फोडला होता. हा प्रश्न ऐकून तिला रडूही येईना. खरंच, कोणी अडवलं नव्हतं. पोटच्या पोरीला आपणच डबऱ्यातलं पाणी पाजलं. साऱ्या गावानं मिळून केलेला गुन्हा त्या माउलीनं एकटीनं स्वतःच्या माथी घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली ती गुंड घेऊनच. मुद्दाम गर्दीची वेळ धरली. खडकाशी दाटी होती. इंदू उतारावर थांबली नाही, सरळ वर चढली. बाया बाजूला सरल्या, जणू विस्तव येतोय.

“थांब व इंदू, मी टाकून देतो ना!” रजनीबाई घाईनं म्हणाल्या.

“नको बाई. त्या दिवशी कोनी नव्हतं, तरी माहा हात नाही उचलला. आज साऱ्या जनी हाय, म्हनून आली.”

तिनं गुंड खडकाशी लावला. पाणी धो धो आत पडू लागलं. मागून पाटलीणबाई ओरडल्या, “देवीदासले उद्यापासून बगीच्यात पाय नाही ठेवू देनार!”

“सांगून आली मी त्याले.”

कोणीतरी आपली घागर रिकामी केली. मग दुसरीनं केली. झिरा बाटला होता ना! शेवटी रजनीबाई उरल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खाली मान घातली आणि काठोकाठ भरलेली घागर हळूच सडकेवर उपडी केली.

इंदू ते पाहत होती. तिच्या आवाजात राग नव्हता.

“बाई, तुमी इचारलं होतं ना, कोनं अडवलं म्हनून?”

भरला गुंड डोक्यावर घेऊन ती साऱ्यांच्या मधून घरी गेली. देवीदासचं काम त्याच दिवशी सुटलं. दुसऱ्या दिवशी, त्याच गर्दीच्या वेळी, इंदू पुन्हा झिऱ्यावर आली. मागोमाग मनकर्णा चढत होती, आणि तिच्याही काखेत गुंड होता.