भावंडं, धडा पाचवा

वेळ बदलून घेतलेल्या जर्मनच्या वर्गात पहिल्याच बाकावर थोरली बहीण बसलेली दिसली, तेव्हा धाकट्याने आल्या पावली परत फिरायचं ठरवलं. पण बाईंनी दार लावून घेतलं होतं.

आई गेल्यावर ताईने तिचं शिलाई मशीन नेलं आणि याने ते परत मागितलं, एवढंच भांडण. मशीन कधीच भंगारात गेलं. अबोला मात्र तेलपाणी केल्यासारखा चालू होता. धाकट्याचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. अधांतरी अडकलेल्या किती जणांना त्याने धीर देऊन बाहेर काढलं, पण ताईच्या दारापर्यंत जायला त्याचे पाय उचलत नसत.

“आजचा शब्द ‘गेश्विस्टर’, म्हणजे भावंडं,” बाई म्हणाल्या. “मुळात हा फक्त बहिणींचा शब्द. ‘श्वेस्टर’ म्हणजे बहीण, ती अजून आत बसलेली दिसतेय बघा. भाऊ मागाहून शिरले. आणि रोजच्या बोलण्यात हा कायम अनेकवचनी. एकट्यादुकट्याला लागत नाही.”

मग सरावासाठी जोड्या लावल्या. नियम एकच, फक्त जर्मन बोलायचं. धाकट्याच्या नशिबी ताई आली.

“हास्ट डू गेश्विस्टर?” तिने पुस्तकात बघून विचारलं. तुला भावंडं आहेत का?

बोलायचं बरंच होतं. पण भांडायला भाषा लागते, आणि त्याच्याजवळ रंग, फळं आणि वार एवढंच होतं.

“या. आइनं श्वेस्टर.” हो, एक बहीण.

“व्ही इस्ट झी?” कशी आहे ती?

“आल्ट,” तो म्हणाला. म्हातारी. ते खरंच होतं. तिचे हात थरथरत होते, आणि हे आपल्याला माहीत नव्हतं याचं त्याला फार वाईट वाटलं. आता प्रश्न विचारायची त्याची पाळी होती. जर्मन का शिकतेस, एवढं त्याने कसंबसं जुळवलं.

ताईने पुस्तक मिटलं. “तुझी नात तिकडे वाढतेय. उद्या समोर आली तर आत्याआजीने काय नुसतं तोंडाकडे बघत बसायचं?”

“फक्त जर्मन,” बाई म्हणाल्या.

धाकट्याने मोबाइल काढला आणि नातीचा फोटो ताईपुढे धरला. तिने मोबाइल हातात घेतला, चष्मा पुसला आणि बघत राहिली.

“नाक आपल्या आईचं आहे,” ती म्हणाली.

बाईंनी टेबलावर डस्टर आपटलं. दोघांनी माना खाली घातल्या. ताईने मोबाइल परत दिला नाही, आणि धाकट्याने तो मागितला नाही.