दगड कुणी धुतले?

मी बत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होते. घाण दिसली की माझे हात शिवशिवतात. यात गर्वाचं काही नाही, खोड आहे, आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

माझ्या नणंदेला आम्ही सगळे चिऊ म्हणतो, पन्नाशी उलटली तरी. तिचा नवरा वर्षभर अंथरुणाला खिळून होता, मग गेला, आणि ती आमच्याकडे राहायला आली. कामावर जायची, यायची, ताटातलं चिवडून उठायची. एके दिवशी तिने आपणहून खाऱ्या पाण्याची टाकी आणली. "ह्यांना फार हौस होती गं वहिनी," म्हणाली. दोन नारिंगी मासे, वाळू आणि समुद्रातले ओबडधोबड दगड. ती मोजून मापून मीठ कालवायची, माशांशी गप्पा मारायची. जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेऊ लागली. मला तर देव पावला.

दोन आठवड्यांत दगडांवर तपकिरी थर आला, मग हिरवं शेवाळ. टाकी देतानाच दुकानदाराने बजावलं होतं, "नव्या टाकीत हे होणारच. दगडात जीव असतो, तो पाणी साफ करतो. हात लावू नका." दगडात जीव म्हणे! चिऊ कामावर गेली की मी दगड बाहेर काढायचे, उकळत्या पाण्यात घालायचे, ब्रशने खसाखसा घासायचे आणि होते तसे मांडून ठेवायचे. ती घरी येऊन म्हणायची, "आज बरं दिसतंय, नाही?" मी मनातल्या मनात फुशारायचे.

शेवाळ मात्र दुप्पट जोमाने यायचं. एका सकाळी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकताना दिसले. चिऊने दुकानदाराला घरी बोलावलं. त्याने पाणी तपासलं, एक दगड उचलून वास घेतला.

"दगड कुणी धुतले?"

"कुणीच नाही," चिऊ म्हणाली. मी टाकीची काच पुसायला घेतली.

"मग मला काही कळत नाही. मासे मी घेऊन जातो, निदान जगतील तरी."

"न्या," चिऊ म्हणाली. "माझ्या हाताला यशच नाही. वर्षभर ह्यांचं केलं, तेही असंच गेलं. माझंच काहीतरी चुकत असणार."

तिने नवऱ्याचं किती केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तोंडाने कधी बोलले नव्हते. तिला ठाऊकच असेल, असं धरून चालले होते.

"मी धुतले," मी म्हणाले. "रोज. उकळत्या पाण्यात."

दुकानदाराने कपाळावर हात मारला. "अहो बाई, पाणी साफ करणारं तेच तर होतं! मारून टाकलंत की."

आता चिऊ मला फाडून खाणार, असं वाटलं. खायलाच हवं होतं. ती माझ्याजवळ आली.

"म्हणजे माझं चुकलं नव्हतं?"

"नाही गं. चूक माझी."

"काहीच चुकलं नव्हतं?"

ती टाकीबद्दल विचारत नव्हती. मी तिचे दोन्ही हात धरले.

"काहीच नाही. चिऊ, वर्षभर पडून होता तो, पण त्याच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाहीस तू. आम्हा नर्सनासुद्धा ते जमत नाही."

तेव्हा ती रडली, नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच. दुकानदार बिचारा माशांची पिशवी हातात धरून दाराशी अवघडून उभा राहिला, आणि मी त्याला बस म्हणायचंही विसरले.