पान नंबर अकरा

उर्सुला नायगावच्या एका शाळेत मराठी शिकवायची आणि तिच्या वर्गातली मुलं धडाधड पुस्तकं वाचायची. तिची स्वतःची दहा वर्षांची मुलगी इझाबेल मात्र पुस्तक दिसलं की पोटात दुखतंय म्हणायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. स्टाफरूममध्ये ही म्हण पाठीमागे किती वेळा वापरून झाली होती देव जाणे, पण एकदा तोंडावर झाली आणि ती उर्सुलाला चांगलीच झोंबली.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तिने कंबर कसली. फ्रिजवर तक्ता लावला. रोज दहा पानं वाचायची, मग आई पाच प्रश्न विचारणार, पाचही उत्तरं बरोबर आली की एक सोनेरी चांदणी. वाचायला काय, तर उर्सुलाच्या लहानपणीची मुलांची मासिकं. लग्न होऊन नंदाखालला आली तेव्हा बाकीच्या बायका भांडी आणतात, हिने दोरीने बांधलेला मासिकांचा गठ्ठा आणला होता. बारा वर्षं तो माळ्यावर होता. आता तो खाली आला, पुसला गेला आणि इझाबेलच्या पुढ्यात ठेवला गेला.

तीन दिवसांत तक्त्यावर एकच चांदणी लागली. तीही वॉल्टरने, म्हणजे इझाबेलच्या बापाने, सातिवलीला कामावर जाता जाता पोरीची दया येऊन गुपचूप चिकटवलेली. चौथ्या दिवशी उर्सुलाने पाहिलं, तर इझाबेल पाऊण तास एकच पान धरून बसली होती.

"काय वाचलंस? सांग बरं, पहिल्या परिच्छेदात कोण आलं?"

"मुंगी," इझाबेल म्हणाली.

"कुठली मुंगी?"

"ही." खरंच एक मुंगी पानावरून चालली होती.

उर्सुलाचं डोकं सणकलं. तिने गठ्ठा उचलला आणि तरातरा मागच्या शेडमध्ये गेली. तिथे तिचे सासरे, ऑगस्टीन, पपया भरत होते. एकेक पपई जुन्या कागदात गुंडाळायची आणि क्रेटमध्ये बसवायची, म्हणजे सालीला डाग पडत नाही. उर्सुलाने गठ्ठा त्यांच्यासमोर आपटला. "घ्या पपा, गुंडाळा यात. नाहीतरी या घरात कोणी वाचत नाही."

आता शहाण्या माणसाने ओळखायला हवं होतं की सून रागात बोलतेय. पण ऑगस्टीन जातिवंत शेतकरी. रागात दिलेला कागदही कागदच असतो, आणि त्यांच्याकडची रद्दी सकाळीच संपली होती. त्यांनी पकडीने पिना उपटल्या, पानं सुटी केली आणि कामाला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या अँजेलिनाने दोन क्रेट टेम्पोत चढवले आणि नेहमीसारखी नायगावच्या एका रहिवासी टॉवरखाली विकायला गेली. उर्सुलाचा राग तोवर उतरला होता, पण परत मागायला जायचं कोणत्या तोंडाने?

त्या दुपारी इझाबेल घरात दिसेना. उर्सुला शोधत शोधत शेडच्या दाराशी आली, तर आत ऑगस्टीन वैतागले होते.

"मी एक गुंडाळतो, ही एक सोडते. असं चाललं तर उद्यापर्यंत एक क्रेट नाय भरायचा."

इझाबेल उपड्या क्रेटवर बसली होती. पायाशी पाच-सहा उघड्या पपया. हातात कागद, आणि डोळे कागदात असे बुडालेले की दारातला उजेड अडला तरी तिने वर पाहिलं नाही. वाचत होती! कोणी न सांगता, तक्त्याशिवाय, चांदणीशिवाय. उर्सुलाचा जीव आनंदाने भरून आला. त्या क्षणी तिने उलट्या पावली निघून जायला हवं होतं. पण सतरा वर्षांची सवय. तोंड उघडलंच.

"अरे वा! काय वाचतेस? सांग बरं, गोष्टीत..."

इझाबेलचा चेहरा दार लावल्यासारखा बंद झाला. "काही नाही," ती म्हणाली, आणि कागद परत पपईला गुंडाळायला लागली. उर्सुला स्वयंपाकघरात आली आणि तिने विनाकारण दोन कांदे जास्त चिरले. डोळ्यांत पाणी यायला काहीतरी कारण हवं होतं.

संध्याकाळी तिने वॉल्टरला सगळं सांगितलं.

"तू वाचायला देतेस कुठे? तू पेपर काढतेस," वॉल्टर म्हणाला. "आणि एक विचारू? रागावू नकोस. तू स्वतः शेवटचं कधी वाचलंस? वह्या सोडून."

उर्सुलाने आठवून पाहिलं. वह्या, उत्तरपत्रिका, परिपत्रकं. इझाबेलच्या जन्मापासून तिने मजेसाठी एक गोष्ट वाचली नव्हती.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" वॉल्टर म्हणाला आणि जेवायला बसला. नवऱ्याने म्हण तोंडावर मारावी आणि ती खरी निघावी, याचा उर्सुलाला भयंकर राग आला.

जेवताना इझाबेलने आईकडे न बघता आजोबांना विचारलं, "आजोबा, विहिरीत घंटा कशी जाईल?"

"कुठल्या विहिरीत?"

"गोष्टीतल्या. एका गावात दर शुक्रवारी दुपारी विहिरीतून घंटा वाजते. सगळे घाबरतात. मग मनी नावाची मुलगी पोहऱ्यात बसून खाली उतरते. खूप खाली. आणि काळोखातून कोणीतरी म्हणतं, 'किती उशीर केलास गं!'"

वॉल्टरचा घास हातातच राहिला. "मग?"

"मग दहावं पान संपतं."

ऑगस्टीन विचारात पडले. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत, पण विहिरींबद्दल त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. "पूर्वी लढाईच्या वेळी लोक देवळातल्या वस्तू विहिरीत लपवायचे. घंटाही लपवली असणार. पाणी चढलं की वाजते."

"आणि बोललं कोण?" वॉल्टर म्हणाला. "तिचाच आवाज घुमला असेल."

"आपलाच आवाज आपल्याला 'उशीर केलास' म्हणेल का, पपा?" इझाबेल म्हणाली. मग तिला एकदम काहीतरी सुचलं. "आईला माहीत असेल! तिचीच मासिकं आहेत."

तिघांनी उर्सुलाकडे पाहिलं. उर्सुलाने डोळे मिटून खूप ताण दिला. पोहऱ्यात बसलेल्या मुलीचं चित्र आठवलं, तिच्या परकराची नक्षीसुद्धा आठवली, पण पुढे सगळं कोरं.

"नाही आठवत," ती म्हणाली.

इझाबेल तिच्याकडे रोखून बघत राहिली. आईला उत्तर माहीत नाही, असं तिने आजवर पाहिलं नव्हतं. "खरंच? की मी वाचावं म्हणून?"

"देवाशपथ नाही आठवत. आणि आता मला झोप लागायची नाही."

इझाबेल खरकट्या हाताने तशीच उठली आणि शेडमधून सगळे कागद घेऊन आली. मग पाटावरची ताटं बाजूला झाली आणि चौघं जमिनीवर कागद पसरून बसले. पिना काढल्यामुळे सगळा गोंधळ होता. एका कागदावर पान नऊ आणि शेजारी पान चोवीस.

"हे असं का छापतात?" इझाबेलने विचारलं. उर्सुलाला कारण माहीत होतं. तिने जीभ दाताखाली धरली. पाच मिनिटांत इझाबेल ओरडली, "नऊ आणि चोवीस तेहतीस! सात आणि सव्वीस तेहतीस! म्हणजे पान अकराच्या शेजारी बावीस असणार!" बत्तीस पानी मासिकाचं गणित तिने आपलं आपण सोडवलं होतं. पण त्या अंकातला अकरा आणि बावीसचा कागद काही सापडला नाही. तो कुठल्या तरी पपईवर बसून नायगावला गेला होता.

सकाळी इझाबेलने चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. एका क्रेटला जितक्या पपया तितक्या चिठ्ठ्या. "तुम्ही मागे घेतलेल्या पपईच्या कागदावर पान नंबर अकरा असेल तर फेकू नका. माझी गोष्ट तिथे अडकली आहे. इझाबेल, पपईवाल्या ऑगस्टीनची नात." अक्षर तिरकं होतं, दोन वेलांट्या चुकल्या होत्या. उर्सुलाचा हात लाल पेनाकडे गेला आणि अर्ध्या वाटेवरून परत आला. तिने नुसत्या चिठ्ठ्या घडी करायला मदत केली.

अँजेलिना चिठ्ठ्या बघून हसली. "माझी गिऱ्हाइकं पपई घेतात, चिठ्ठी कोन वाचनार?"

पण वाचली लोकांनी. पहिल्याच दिवशी अँजेलिना तीन कागद घेऊन परतली. एकावर पान पाच होतं, एकावर कोडी होती आणि ती कोणीतरी पेनाने सोडवून टाकली होती. तिसऱ्या कागदाच्या कडेला लिहिलं होतं, "आमच्याकडे अकरा नाही, पण या ससाणा पाळणाऱ्या आजीचं पुढे काय झालं ते कळवा. तिसरा मजला." इझाबेलने ती आजी शोधून काढली, वाचली आणि तिसऱ्या मजल्यासाठी पुढचं पान दुसऱ्या दिवशीच्या पपईला गुंडाळलं. अशी एका गोष्टीच्या शोधात तिने चार दिवसांत नऊ गोष्टी वाचल्या. मोजत कोणीच नव्हतं. फ्रिजवरचा तक्ता वॉल्टरने काढला होता आणि तो गेल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

घरात मात्र विहिरीचा विषय पेटला होता. वॉल्टर आता घुमणारा आवाज सोडून चोरांच्या टोळीवर आला होता. ऑगस्टीन घंटेला चिकटून होते. उर्सुलाला वाटत होतं, खाली मनीची आईच असणार, आणि आपल्याला असं का वाटतं हे तिला कळत नव्हतं. दाराशी अँजेलिनाची चाहूल लागली की सगळ्यात आधी तीच बाहेर जायची.

पाचव्या दिवशी, रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपून सगळे घरी आले होते. अँजेलिना दुपारी आली ती पदराने वारा घेत, आणि पिशवीतून एक कागद काढून तिने इझाबेलच्या हातात दिला. "सातव्या मजल्यावरची आशालता म्हनून बाई आहे, तिने दिला. बाविसाव्या पानावर आकाशकंदील कसा बनवायचा ते आहे ना, म्हनून तिच्या पोरांनी ठेवला होता. कंदील झाला. आता म्हनते, शेवट आमच्याकडे आहे, सुरुवात पाठवा."

इझाबेलने कागद छातीशी धरला आणि उर्सुलाकडे पाहिलं.

"आई, मी वाचल्यावर प्रश्न विचारणार?"

"नाही."

"पाच नाही, तीन नाही?"

"एकही नाही. शपथ."

इझाबेल ओट्याच्या पायरीवर बसली आणि वाचायला लागली. ओठ हलत होते. एका ठिकाणी ती थांबली, पुन्हा वरच्या ओळीवर गेली, डोळे मोठे झाले. मग कागद उलटला. मग एकदाच, अगदी हळू, हसली. उर्सुलाने आयुष्यात शेकडो मुलांना वाचताना पाहिलं होतं, पण वाचणाऱ्या मुलीचा हेवा तिला आज पहिल्यांदा वाटला. तिला राहवेना.

"कोण होतं गं खाली?"

वॉल्टर खोकला. इझाबेलने मान वर केली.

"प्रश्न!"

शेडमधला तो मिटलेला चेहरा उर्सुलाला आठवला. पाच दिवसांचं सगळं आपण एका वाक्यात घालवलं, या मुलीला पुस्तकापासून तोडलं ते आपणच, आणि आताही आपणच.

इझाबेल मात्र कागद मिटत नव्हती. ती आईकडे निरखून बघत होती. शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न तिला ओळखू यायचा. तो विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं आणि तो तुमच्या तोंडाकडे चूक शोधत बघतो. हा तो प्रश्न नव्हता. आईने पदराचं टोक हातात पिळून पिळून त्याची दोरी केली होती.

"तुला खरंच माहीत नाही," इझाबेल म्हणाली.

"नाही गं बाई."

"सांगू? नको. सांगण्यात मजा नाही." ती पायरीवर सरकली. "बस इथे."

उर्सुला तिच्याशेजारी बसली. इझाबेलने कागद दोघींच्या मांडीवर पसरला आणि खालच्या अर्ध्या भागावर आपला पंजा दाबून धरला. "तू लगेच शेवट बघशील. मी ओळखते तुला."

उर्सुलाने वाचायला सुरुवात केली. तिकडे ऑगस्टीन मोठ्याने वाचा म्हणून कुरकुरत होते, अँजेलिना पाणी मागत होती, आणि हिला काही ऐकू येत नव्हतं.

"झालं?" इझाबेलने विचारलं. "हात काढू?"

"थांब गं," उर्सुला मान वर न करता म्हणाली. "मला वाचू दे."