खड्ड्यातली फांदी

चारुदत्तबाबांनी नागपूरच्या बांधकाम खात्यात एकतीस वर्षं रस्ते केले, आणि रस्त्याकडे नुसतं बघत बसण्याची वेळ त्यांच्यावर आली ती कॅनडातल्या रिचमंड हिलला, मुलीच्या, अनुयाच्या घरी. दोन हजार आठचा तो हिवाळा. बर्फ थांबायचं नाव घेईना. दिवसातून दोनदा ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं उपसून अनुयाची कंबर धरली होती, आणि बाबा खिडकीशी बसून असायचे.

त्यांचा सहा महिन्यांचा व्हिसा एप्रिलमध्ये संपत होता. आई गेल्यापासून नागपूरच्या घरात ते एकटेच होते. आता त्यांनी परत तिथे जाऊ नये, एवढंच अनुयाला हवं होतं. मुदतवाढीचा अर्ज तिनं भरून ठेवला होता, सही तेवढी राहिली होती. "बघू," बाबा म्हणायचे. पण फेब्रुवारीत एकदा सहज बोलून गेले, "पुढच्या हिवाळ्यात मला जरा बरे बूट घेऊ." तेव्हा तिला वाटलं, जमलं.

त्याच आठवड्यात त्यांनी तिला घरासमोरच्या रस्त्यातली भेग दाखवली. "पाणी आत जातंय. गोठतंय, वितळतंय. मार्चमध्ये इथे खड्डा पडणार बघ. तुमच्या म्युनिसिपालिटीला फोन कर."

अनुया पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती. गोठताना पाणी नऊ टक्के फुगतं, हे तिला कोणी सांगायला नको होतं. "करते," ती म्हणाली. आणि राहून गेलं.

मार्चमध्ये खड्डा पडला. वितळलेलं पाणी त्यात काठोकाठ भरलं आणि वरून नुसतं डबकं दिसू लागलं. एका सकाळी अनुया कामाला निघाली तर डबक्याच्या मधोमध सीडरच्या झाडाची मोडकी फांदी उभी. बुडाशी दगड रचलेले, शेंड्याला लाल चिंधी.

"बाबा, हे काय?"

"खूण. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळायला नको?"

"इथे असं करत नाहीत हो! कोणी कंप्लेंट केली म्हणजे? हा काय नागपूरचा वर्धा रोड आहे?"

"आपण कुठल्या रोडवर आहोत ते खड्ड्याला ठाऊक नसतं, बाई."

एरवी ती हसली असती. समोरची बाई गाडी काढता काढता त्या चिंधीकडे टक लावून बघत होती. अनुयानं फांदी उपटली, गॅरेजमध्ये टाकली आणि निघून गेली. कामावर पोचल्यावर म्युनिसिपालिटीला फोन करायचाच, असं मात्र तिनं ठरवलं. केलाही. पण दुपारी तीनला.

दोन वाजता शेजारच्या इमेल्डाआंटी रस्त्यापलीकडच्या टपालपेटीतून पत्रं आणायला निघाल्या होत्या. डबक्याची त्यांना कसली भीती, पायात बूट होते. पाय टाकला तो पोटरीपर्यंत आत गेला, आणि पडताना मनगट मोडलं.

संध्याकाळी त्यांचे यजमान हेरॉल्ड सांगायला आले. मूळचे वसईचे, बाबांशी मराठीत बोलायला मिळतं म्हणून एरवीही यायचे.

"दोन तुकडे झालेत. प्लेट घालणार म्हणतात." ते कोट न काढताच बसले. "इंजिनियरसाहेब, भल्या सकाळी, रोजच्यासारखा चर्चहून येताना मी तिथं फांदी बघितली. म्हटलं, वा! हे काम आपल्याकडच्याच माणसाचं. मग ती काढली कोण्या गाढवानं?"

अनुयानं चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला.

"मी," बाबा म्हणाले. "मीच लावली, मीच काढली. वाटलं, इथे बरं दिसत नाही."

हेरॉल्ड त्यांच्याकडे वळले. "एकतीस वर्षं रस्ते केलेत ना तुम्ही?"

"हो."

"आणि तरी?"

हेरॉल्ड उठले. अनुयानं ठेवलेला चहा तसाच राहिला.

दार लागल्यावर तिनं विचारलं, "बाबा, का सांगितलंत असं?"

"तुला इथे राहायचंय," ते म्हणाले. "शेजार तुझा आहे. मी काय, महिन्याभरात जाणारा माणूस."

रागाचा लवलेशही नव्हता त्यांच्या आवाजात. असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी जाऊन तिनं खरं काय ते सांगितलं. हेरॉल्ड दारातच उभे होते, त्यांनी फक्त "हं" म्हटलं. आतून इमेल्डाआंटींचा आवाज आला, "आता जाऊ दे, पोरी."

ती परतली तेव्हा बाबा फोनवर होते. पलीकडे नागपूरचा भाचा, नंदन. "घराच्या खिडक्या उघडून ठेव रे दोन दिवस," ते सांगत होते, "आणि पाण्याची मोटर चालते का बघ."