मधल्या पायरीचा चौथा स्क्रू

दोन इंची पितळी स्क्रू. डोक्यावर एकच खाच.

बर्फात आडवी पडलेली टपालपेटी.

एक्क्याऐंशी.

लाल चिकटपट्टी गुंडाळलेली गाडीची किल्ली.

डावीकडे पडदा. पडद्यामागे जमीन नाही.

तीनदा टकटक.

मित्रांनो, हे तुकडे मी मुद्दाम विसकटलेले नाहीत. माझ्यात ते असेच पडून आहेत. मी लाकूड आहे, आणि लाकडाला सलग आठवत नाही. ते फुगतं, आकसतं, आणि एखाद्या कडाक्याच्या सकाळी कुणी हात न लावताही मधूनच कट्‌कन वाजतं. तसाच मी आज वाजतो आहे.

मी हॅसलटन गावच्या सभागृहातला जिना आहे. तीनच पायऱ्यांचा. मला व्यासपीठाला उजव्या अंगाने टेकवतात आणि काम झालं की भिंतीकडे सरकवतात. बासष्ट हिवाळ्यांपूर्वी ओमेर पेलकी नावाच्या सुताराने मला मेपलच्या फळ्यांतून घडवलं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. प्रत्येक पायरीला चार स्क्रू. पायऱ्यांच्या कडा त्याने पॉलिश पेपरने इतक्या घासल्या होत्या की शाळेतल्या मुली नाटकाच्या वेळी माझ्यावर अनवाणी बसायच्या.

मार्चमध्ये गावसभा, जूनमध्ये शाळेचा निरोप समारंभ, आणि दर चार वर्षांनी जानेवारीत राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेली माणसं. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान आमच्या न्यू हॅम्पशर राज्यात सगळ्यांच्या आधी होतं, म्हणून ती हजार वस्तीच्या गावातही येतात, बीन्स खातात, बर्फाला छान म्हणतात आणि माझ्यावरून वर जातात. त्यांचं बोलणं गावासाठी असतं. वजन माझ्यासाठी. कोण दोन पायऱ्या एकदम घेतो, कोण टाच आपटतो, कुणाचा पाय थरथरतो, हे मी कुणालाही न सांगता साठवलं आहे. एकदा तर वर्तमानपत्रात माझा फोटोही आला होता. त्या माणसाचे गुडघे आणि मी.

मग ॲल्युमिनियमचा एक चकचकीत जिना आणला गेला आणि माझी रवानगी तळघरात झाली. बॉयलरशेजारी नऊ वर्षं. माझी मधली फळी तिथेच वाकली. पुढे एका फेब्रुवारीत त्या चकचकीत जिन्यावरून ओल्या बुटांनी शाळेच्या बाई घसरल्या, त्यांचं मनगट मोडलं, आणि ओमेरने मला पाठीवर घेऊन वर आणलं. तेव्हा तो अडुसष्ट वर्षांचा होता. वाटेत एकदाही थांबला नाही.

आता त्या जानेवारीकडे येतो. मला तिकडे जायचं नाही, पण येतो.

सिनेटर विलार्ड टेनंट येणार होते. वय एक्क्याऐंशी. गावात त्यांच्याविषयी दुसरं काहीच कुणी बोलत नव्हतं. शेतीच्या अनुदानाबद्दल ते काय म्हणाले? एक्क्याऐंशी. युद्धाबद्दल? एक्क्याऐंशी. सभेच्या आदल्या शनिवारी सभागृहात बीन्सचं सामुदायिक जेवण होतं. माझ्या अगदी जवळच्या टेबलावर ओमेर, त्याची मुलगी कोलेट आणि गावची चिटणीस मार्जी डनबार बसले होते. मतदारयादी मार्जीच्या ताब्यात असते. तिची जीभ मात्र कुणाच्याच ताब्यात नसते.

"चार वर्षांनी पंच्याऐंशीचा होईल तो," मार्जी म्हणाली.

"मला गणित येतं."

"येतं ना? मग तुझंही करून बघ."

ओमेरने पावाचा तुकडा रश्श्यात बुडवला. "माझ्या आजीने ब्याण्णवाव्या वर्षी गाय विकत घेतली होती."

"आणि दूध कोण काढायचं?"

ओमेरने घास गिळला. "मी."

"तेच म्हणतेय मी!"

कोलेट हसली नाही. "पापा, विषय निघालाच आहे तर बोलते. डिसेंबरमध्ये तुम्ही टपालपेटी उडवलीत."

"ती रस्त्यात आली."

"अठरा वर्षं एका जागी उभी असलेली पेटी तुम्हालाच बघून चालत आली?"

"बर्फ काढणाऱ्यांनी सरकवली असेल."

"किल्ली द्या पापा. मी नेत जाईन तुम्हाला, म्हणाल तिथे."

मित्रांनो, पेलकीचं घर गावापासून चार मैलांवर, टेकडीवर आहे. किल्ली गेली की सुतार संपला. उरला खिडकीत बसलेला म्हातारा, मुलीच्या गाडीची वाट बघणारा. ओमेरचा हात खिशावर गेला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"पैज लाव," तो म्हणाला. "टेनंट या जिन्यावरून कुणाचाही हात न धरता चढला आणि उतरला, तर किल्ली माझी. पुन्हा तो विषय काढायचा नाही. नाही जमलं त्याला, तर तुझी."

"मार्जी साक्षीदार," कोलेट म्हणाली.

त्यांना वाटलं, पैज सिनेटरवर लागली. ती माझ्यावर लागली होती.

गुरुवारी दुपारी ओमेर हत्यारांची पेटी घेऊन आला. माझी वाकलेली मधली फळी त्याने सोडवली, तिच्यावर रंधा मारला आणि पुन्हा बसवायला घेतली. एक स्क्रू. दुसरा. तिसरा. चौथा त्याच्या बोटांत होता, तेवढ्यात सिनेटरसाहेबांच्या प्रचारातली ब्रिन नावाची तरुणी फोनने माझी मापं घेत आली.

"याला कठडा नाही?"

"नाही."

"दोन्ही बाजूंना धरायला दांडे बसवता येतील का? शनिवारपर्यंत?"

"बाई, तो मतं मागायला येतोय," ओमेर म्हणाला, "आंघोळीला नाही."

ती ओशाळली. मग तिने खुर्च्यांचं विचारलं, माइकचं विचारलं, गाड्या कुठे लावायच्या ते विचारलं. बोलता बोलता ओमेरने तो स्क्रू कोटाच्या खिशात टाकला आणि तिला दार दाखवायला गेला. परत आला, पेटी आवरली, माझ्यावर हात फिरवला. "झालं," म्हणाला, आणि गेला. चष्मा कपाळावरच होता.

माझ्या मधल्या पायरीचा डावा कोपरा मोकळा होता.

गुरुवारची संध्याकाळ. शुक्रवार. तुम्ही कधी असं काही जाणलं आहे का, जे सांगायला तोंडच नाही? पायावाचून मला हवा तेव्हा आवाज काढता येत नाही. कुणी पाय ठेवला तरच मी ठरवून कुरकुरू शकतो. शुक्रवारभर कुणी आलं नाही. मी मनात तोच क्षण पुन्हा पुन्हा पाहत होतो. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस पालथा पडलेला, कॅमेरे, आणि सगळा देश म्हणतो आहे, बघा, आम्ही सांगत होतो. स्क्रूबद्दल कोण विचारणार? जिन्याच्या पोटाखाली कोण वाकून बघणार?

शनिवारी सभागृह भरलं. पाण्याचा ग्लास ठेवायला मार्जी माझ्यावरून वर गेली. मी सगळा जीव एकवटून कुरकुरलो.

"ओमेर, तुझा जिना तुझ्यापेक्षा जास्त कुरकुरतो रे!" ती ओरडली. सगळे हसले. ओमेरही हसला.

टेनंट आले. उंच, किंचित वाकलेले, काळे बूट. पहिली पायरी. थांबले. मग डावा पाय मधल्या पायरीवर. नुसता चवडा टेकवला, वजन टाकलं नाही. मी तांदळाच्या दाण्याएवढा हललो. तो पाय मागे गेला, उजवीकडे सरकला, जिथे स्क्रू होते तिथे टेकला, आणि ते वर गेले. पाहणाऱ्यांना एवढंच दिसलं की म्हातारा पायरीवर अडखळला. पुढच्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही. वर पोचल्यावर ते माझ्याजवळ उभ्या असलेल्या ओमेरकडे वाकले.

"मधली पायरी सैल आहे तुमची," ते हळूच म्हणाले. "तरुणपणी छपरं घातली आहेत मी."

ओमेरचा हात कोटाच्या खिशात गेला. तिथे किल्ली होती. किल्लीशेजारी स्क्रू होता. त्याचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं आहे, मी ते सांगणार नाही.

तासभर सभा चालली. शेवटी कोलेट उभी राहिली.

"माझे वडील तुमच्याच वयाचे आहेत. त्यांच्या गाडीची किल्ली मला काढून घ्यायची आहे. घेऊ का?"

हशा पिकला. टेनंट हसले नाहीत. "कशाला धडकले का?"

"टपालपेटीला."

"मग काय म्हणाले?"

"पेटी रस्त्यात आली म्हणाले."

"मग घ्या," टेनंट म्हणाले. "धडकलो असं म्हणाले असते, तर राहू द्या म्हणालो असतो."

सभागृह खदखदून हसलं. ओमेरचे कान लाल झाले. पण कोलेट बसली नाही.

"आणि तुम्ही कशाला धडकलात तर? तुम्हाला कोण सांगेल? तुमच्याकडे पगारावर आहेत ते?"

टेनंट पाणी प्यायले.

"त्यांच्यापैकी कुणी मला हे कधी विचारलं नाही," ते म्हणाले. "आज तुम्ही विचारलंत. उत्तर तयार नाही माझ्याकडे."

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. लोक उठले, कोट चढवू लागले. फोटोवाला उतरतानाचा फोटो घ्यायला माझ्या पायथ्याशी धावला. आणि त्या गडबडीत सिनेटर टेनंट वळले ते डावीकडे.

डावीकडे जिना नाही. डावीकडे पडदा आहे आणि पडद्यामागे साडेतीन फुटांचा खड्डा, तळाशी घडीच्या खुर्च्या. ते ठाम पावलांनी तिकडे निघाले. ब्रिनने पाहिलं. तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. कॅमेऱ्यांसमोर हाक कशी मारायची? बाकी सगळे टाळ्या वाजवत होते, टोप्या शोधत होते.

ओमेरने मुठीने माझ्या बाजूच्या फळीवर ठोकलं. तीनदा.

"सिनेटर! इकडे!"

टेनंट थांबले. पडद्याला हात लागलेला. वळून हसले, "दिवे डोळ्यांवर येतात हो," म्हणाले, आणि माझ्याकडे आले.

आता उतरायचं होतं. उतरताना वजन पायरीच्या पुढच्या कडेवर येतं, मित्रांनो. चढताना चवड्याने चाचपता येतं, उतरताना तसं येत नाही. ओमेरला ते माझ्याइतकंच माहीत होतं. पैजही माहीत होती. तीन पावलांवर कोलेट उभी होती, बघत. टेनंट कसेबसे एकटे उतरलेही असते. कदाचित.

ओमेरने हात वर केला.

टेनंटनी तो धरला.

रविवारच्या वर्तमानपत्रात फोटो आला. एक म्हातारा दुसऱ्या म्हाताऱ्याच्या आधाराने उतरतो आहे. खाली लिहिलं होतं, 'आधाराची गरज?' गावात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. मार्जीने तो अंक आणून माझ्यावरच ठेवला होता. सोमवारी दुपारी ती सभागृहात मतदानाचे पडदे लावत असताना ओमेर आला. कोलेट त्याच्यामागे होती. तिनेच त्याला गाडीतून आणलं होतं.

ओमेरने खिशातून तो स्क्रू काढून वर्तमानपत्रावर, बरोबर फोटोवर ठेवला.

"हा मधल्या पायरीचा," तो म्हणाला. "मी लावायचा विसरलो. म्हणून त्याला हात दिला. त्याला नको होता."

मार्जी स्टुलावरून खाली उतरली. "आत्ता सांगतोस? उद्या मतदान आहे."

"उद्या आहे म्हणून तर आज सांगतोय."

"बरं. गावभर सांगते. सांगू ना?"

"सांग." तो गेला नाही. टोपी हातात फिरवत राहिला. "आणखी एक आहे. तो पडद्याकडे निघाला होता. चुकीच्या बाजूला. मी ठोकलं नसतं तर खाली गेला असता."

"दिव्यांमुळे?"

"तो म्हणाला दिव्यांमुळे."

"तुला काय वाटतं?"

"मला माहीत नाही मार्जी."

तिने स्क्रू उचलला, बोटांत फिरवला. "मग मी यातलं धरायचं काय? सैल पायरी ओळखली ते, की वाट चुकला ते?"

"दोन्ही धर," ओमेर म्हणाला. "मीही तेच करणार आहे."

मग त्याने खिशातून लाल पट्टीची किल्ली काढून कोलेटपुढे धरली. "आणि पेटी मीच उडवली. ती जागेवरच होती."

कोलेटने किल्ली घेतली. "रविवारी तुम्ही चालवा," ती म्हणाली. "मी शेजारी बसते. रविवारी चर्चला, तेवढंच. मग बघू."

"मग बघू म्हणजे?"

"म्हणजे बघू, पापा."

ओमेरने गुडघ्यावर बसून चौथा स्क्रू लावला. या वेळी चष्मा डोळ्यांवर होता. स्क्रू सरळ गेला.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीशी उभा होतो. ओमेर मतदानाच्या पडद्याआड गेला आणि इतका वेळ बाहेर आला नाही की मार्जीने घसा खाकरला. त्याने कुणाला मत दिलं ते मला माहीत नाही. बरोबर दिलं का, तेही माहीत नाही. मी अजून धास्तावलेला आहे. प्रत्येक जानेवारीत होतो.

मित्रांनो, वय विचारू नका असं मी सांगणार नाही. मी जुना आहे, जुनेपणाने काय काय सैल होतं ते मला ठाऊक आहे. पण आकडा विचारून तिथेच थांबू नका. चढताना पाय बघा आणि उतरतानाही बघा. पाय अडखळला तर एकदा वाकून पायरीच्या खालीही बघा. ज्याला त्याची चूक तोंडावर सांगणारं कुणी उरलेलं नाही, त्याला मात्र भ्या, मग तो तिशीतला का असेना. आणि तुमच्या गावात एखादा जुना जिना कुरकुरत असेल, तर हसण्याआधी क्षणभर ऐका. त्याला दुसरी भाषा येत नाही.

ओमेरने मला घडवलं त्या दिवशी, एकोणिसाव्या वर्षी, त्याने मधल्या पायरीला तीनच स्क्रू लावले होते. चौथा तो दुसऱ्या दिवशी सकाळी धावत येऊन लावून गेला.