अजराच्या प्रश्नांची वही

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो, आणि माझी पानं एका रंगाची नाहीत. काही पांढरी, काही पिवळसर, मधली एक गड्डी फिकट निळी. माझा जन्मच उरल्यासुरल्या कागदातून झाला. पेणच्या बाजारातल्या एका अरुंद गल्लीत मुरादचाचांचं वह्या-पुस्तकं बांधायचं दुकान होतं. कापून उरलेले कागद त्यांना टाकवत नसत. दुपारी काम थंडावलं की ते कागद जुळवायचे, दोऱ्याने शिवायचे, पाठीला खळ लावून वर लाल कापडाची पट्टी चिकटवायचे. अशीच एके दुपारी मी झाले.

शेजारी गणपतींचा कारखाना होता. डोळे न रंगवलेल्या मूर्ती अंगणात ओळीने वाळत ठेवलेल्या असायच्या. त्यांच्या पायाशी मीही दोन दिवस उन्हात पडून होते. त्यांना नजर नव्हती, मला अक्षर नव्हतं. आम्ही सगळेच कशाची तरी वाट बघत होतो.

मुरादचाचांची लेक अजरा रोह्याजवळ वरसे गावात राहायची. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिचा नवरा अय्यूब आखातात नोकरीला होता आणि दोन वर्षांतून एकदा घरी यायचा. माहेरी आलेल्या अजराने मला उचललं, हुंगलं आणि पिशवीत टाकलं. ती माझ्यात अय्यूबला पत्रं लिहील असं मला वाटलं होतं. पण वरशाला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने मला शेजारच्या घरात नेलं.

त्या घरात हैबतराव आणि विमलबाई असे दोघंच राहायचे. हैबतराव एस.टी.त कंडक्टर होते. त्यांची सगळी नोकरी पेण-रोहा रस्त्यावर गेली. वडखळ आलं, आमटेम आलं, नागोठणं आलं की त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा आणि झोपलेली माणसं आपोआप उठायची. निवृत्त झाल्यावर वर्षभरातच घशात गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण आवाज काढून टाकावा लागला. आता ते गळ्याच्या भोकातून श्वास घ्यायचे आणि त्यावर पातळ कापड बांधायचे. त्या कापडाची त्यांना लाज वाटे. चार महिने ते उंबऱ्याबाहेर गेले नव्हते. दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसायचे. विमलबाईंनी काही विचारलं तरी मान फिरवायचे.

अजराने माझ्या पहिल्या पानावर वर एक ओळ लिहिली आणि मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. “काका, रोज एक प्रश्न. मोठं काही नाही. वाटलं तर लिहा.”

प्रश्न होता, ‘आज सकाळचा चहा कसा होता?’

हैबतरावांनी बराच वेळ पेन्सिल नुसती धरली. मग एकच शब्द लिहिला. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं उत्तर.

‘पातळ.’

अजराला हसू आलं. विमलबाईंनी काय लिहिलं म्हणून विचारलं, तेव्हा तिने वाचून दाखवलं. विमलबाई मात्र हसल्या नाहीत. इतकी वर्षं हा माणूस चहा पितोय, कधी एका शब्दाने बोलला नाही, असं म्हणत त्या आत गेल्या. दुसऱ्या दिवशी चहा घट्ट झाला, आणि मला प्रथमच वाटलं की मी काही कामाची आहे.

अजरा शाळेतून आली की मला घरी न्यायची, नवा प्रश्न लिहायची आणि सकाळी जाताना परत ठेवायची. आज कोणता आवाज ऐकला? कोणता वास आवडतो? लहानपणी कशाला भ्यायचात? प्रश्न साधेच असायचे, पण हैबतराव त्यांच्याबरोबर दूरवर जायचे. पेन्सिल कागदावर टेकलेली आणि नजर खिडकीबाहेर कुठेतरी. अशा वेळी माझी पानं मलाच पाण्यासारखी वाटायची आणि त्यांत कायकाय हलताना दिसायचं. धुक्यातला रस्ता, भाताच्या मळण्या, फळीवरून ओढ्यापलीकडे जाणारी बकरी. एकदा अजराने विचारलं होतं, स्वप्नात काय दिसतं? त्यांनी लिहिलं, ‘स्वप्नात मला आवाज असतो. गाडी भरलेली असते. मी थांबे पुकारतो, पण कोणी उतरत नाही. सगळे नुसते ऐकत बसतात.’

हे सगळं विमलबाईंच्या डोळ्यांदेखत चाले. पण त्यांना वाचता येत नव्हतं. निडी गावात त्यांचं बालपण शेतात आणि धाकट्या भावाला, सख्याला, सांभाळण्यात गेलं होतं. शाळा त्यांनी फक्त बाहेरून पाहिली होती. त्या माझ्याजवळून केर काढत जायच्या, माझ्यावरची धूळ पदराने पुसायच्या, क्षणभर उघडून बघायच्या आणि मिटवायच्या.

मग तो दिवस उगवला. श्रावणातली दुपार होती, ऊनपावसाची. हैबतरावांनी त्या दिवशीचा प्रश्न सोडून पानाच्या मधोमध काहीतरी लिहिलं आणि मला उचलून चक्क विमलबाईंच्या हातात दिलं. असं कधी झालं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी होतं. बोटाने ते ओळ दाखवत होते, मग दाराकडे. विमलबाई घाबरल्या. दुखतंय का, श्वास अडकतोय का, म्हणून विचारू लागल्या. ते मान हलवत होते आणि पुन्हा ओळीवर बोट ठेवत होते.

मला छातीशी धरून त्या धावतच बाहेर पडल्या. अजराचं दार बंद होतं, ती शाळेत. पलीकडच्या घरात कुणी नव्हतं. दोन गल्ल्या फिरून शेवटी त्यांना पोस्टमन दाजी भेटले. दाजींनी सायकल टेकवली, चष्मा लावला आणि वाचलं, “दुपारच्या गाडीने निडीला जाऊया. शेत बघावंसं वाटतंय.”

तेवढ्यात रोह्याच्या स्टेशनाकडून गाडी सुटल्याची शिट्टी ऐकू आली.

त्या परत आल्या तेव्हा हैबतराव धुतलेला सदरा घालून बसले होते. गळ्याला नवं कापड होतं. उद्याच्या गाडीने जाऊ, असं विमलबाईंनी परतपरत सांगितलं. हैबतरावांनी सदरा काढून खुंटीला लावला आणि ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. दुसऱ्या दिवशी ते उठले ते पुन्हा खिडकीशीच बसले. पुढचे आठ दिवस माझी पानं कोरी राहिली.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी अजरा माझ्यापुढे प्रश्न सुचण्याची वाट बघत बसली होती. विमलबाई सुपात वाल घेऊन आल्या आणि पाटावर बसल्या. बराच वेळ त्यांनी एकही दाणा निवडला नाही.

“मला शिकीव गो वाचायला,” त्या म्हणाल्या. “त्यांना सांगू नको. जमला नाय तर उगा हसं व्हायचा.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी अजराच्या स्वयंपाकघरात शाळा भरू लागली. पुस्तक म्हणजे मीच. अजराने त्यांना हैबतरावांचीच अक्षरं गिरवायला दिली. विमलबाई पहिला शब्द शिकल्या तो ‘चहा’ आणि दुसरा ‘पातळ’. दुसरा वाचता आला त्या दिवशी मात्र त्या हसल्या. अजरा निवडून पानं दाखवायची. कावळ्याचं, पावसाचं, बकरीचं. काही पानांवर ती हळूच हात ठेवून पुढे जायची, कारण ती उत्तरं तिला विश्वासाने मिळाली होती.

गणपती गेले, दसरा गेला. खिडकीशी हैबतराव पुन्हा थोडंथोडं लिहू लागले होते. थंडी पडली तोवर विमलबाई जोडाक्षरांशी झटापट करू लागल्या होत्या. एका सकाळी हैबतराव अंघोळीला गेले असताना त्यांनी मला उघडलं, आणि पान निघालं ते निळ्या गड्डीतलं, अजराने कधी न दाखवलेलं. वर प्रश्न होता, ‘कोणाला काही सांगायचं राहून गेलं आहे का?’

विमलबाई एकेका अक्षरावर बोट ठेवत गेल्या.

‘विमलला. पण तिला वाचता येत नाही, म्हणून तर इथे लिहिता येतं. जन्मभर गाडीतल्या परक्या माणसांशी बोललो. घरी आलो की गप्प. तिने काही विचारलं की दमलोय म्हणायचो. आता वेळच वेळ आहे आणि आवाज नाही. ती माझ्यासाठी दिवसभर खपते. तिचा हात धरून बसावंसं वाटतं, पण आता ते तिला दया मागितल्यासारखं वाटेल.’

त्यांनी ते दोनदा वाचलं. न्हाणीघरात पाण्याचा आवाज थांबला तशा त्यांनी डोळे पुसले, पेन्सिल उचलली आणि पहिल्याच कोऱ्या पानावर लिहायला घेतलं. पेन्सिल इतकी दाबून लिहिलं की ते अक्षर मागच्या तीन पानांवर उमटलं. अजून आहे.

‘आज नीडीला जायाचा का. मी तयार हाय.’

हैबतराव येऊन खुर्चीत बसले, मला उघडलं आणि तसेच थांबले. हे अजराचं अक्षर नव्हतं. त्यांनी वर पाहिलं. विमलबाई समोर उभ्या होत्या. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की जिला लिहिता येतं तिला वाचताही येत असणार. त्यांनी मला घाईने मिटलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं.

“वाचलंय मी,” विमलबाई म्हणाल्या. “दया नाय वाटत मला. तुमी बोलावला असता कदी, तर मी येऊन बसले असते.”

मग त्यांनी मला हैबतरावांच्या हातांतून सोडवून घेतलं, बाजूला ठेवलं आणि आपला हात तिथे दिला.

दुपारच्या गाडीने ते निडीला गेले. पिशवीत मीही होते. डब्यात एका बाईने हैबतरावांना ओळखलं. कंडक्टर बरेच दिवस दिसले नाहीत, असं ती म्हणाली. त्यांनी गळ्याकडे बोट दाखवलं. बाईने क्षणभर पाहिलं आणि सरकून जागा करून दिली. बस, एवढंच झालं. ज्याला ते इतके महिने भीत होते ते एवढंच होतं.

शेतात भात कापून झालं होतं आणि जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर पेरलेला वाल फुलला होता. सख्याने त्यांना बांधावर घोंगडी अंथरून दिली आणि तो कामाला गेला. ते दोघं संध्याकाळपर्यंत तिथे बसले. त्या दुपारची माझी पानं कुणी वाचली तर त्याला काहीच कळणार नाही, कारण त्यांत फक्त उत्तरं आहेत. प्रश्न विमलबाईंनी तोंडाने विचारले आणि ते वालाच्या फुलांवरून वाऱ्याबरोबर निघून गेले.

‘होय, पहिल्या दिवसापासून.’

‘तेव्हा तू हिरवं लुगडं नेसली होतीस.’

‘नाही. ते मला आठवत नाही. तू सांग.’

‘वाटते. पण पूर्वीइतकी नाही.’

पुढे हैबतराव तीन वर्षं जगले. माझी जवळजवळ सगळी पानं भरली. ते गेल्यावर विमलबाईंनी मला लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं. तिथला काळ फार लांब होता. पावसाळ्यात माझ्या पाठीची खळ ओली व्हायची. कसरीने निळ्या गड्डीची एक कड कुरतडली. मला वाटलं, माझं काम झालं, आता असंच विरून जायचं.

एका रविवारी सकाळी ट्रंक उघडली. विमलबाईंचे केस पार पांढरे झाले होते. त्यांनी मला उन्हात धरलं, चिकटलेली पानं एकेक करून सुटी केली आणि अजराला हाक मारली. अजरा आली. तीही थकल्यासारखी दिसत होती. अय्यूब अजून आखातातच होता. ती नेहमीप्रमाणे विचारू लागली, गुडघे कसे आहेत, औषध घेतलं का, काही आणायचं आहे का.

विमलबाईंनी माझं शेवटचं कोरं पान उघडलं, वर एक ओळ लिहिली आणि मला तिच्या मांडीवर ठेवलं.

‘सगल्यांना तू विचारतेस. तुला कोण विचारतं गो?’

अजराने ते वाचलं. तिने मान वर केली नाही. बऱ्याच वेळाने तिने हात पुढे केला आणि विमलबाईंनी तिच्या हातात पेन्सिल दिली आणि त्या दाराबाहेर बघत बसल्या. ती लिहीत राहिली, पान संपलं तेव्हा पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूवर लिहीत राहिली. काय लिहिलं ते मी सांगणार नाही. ते तिचं आहे.

मित्रांनो, मला कसरीपासून जपा असं मी म्हणणार नाही. मी कागद आहे, कधीतरी जायचीच. पण तुमच्या घरात जे माणूस रोज सगळ्यांची विचारपूस करतं, त्याला एकदा बसवा आणि एक साधा प्रश्न विचारा. मग त्याच्या तोंडाकडे टक लावून बघू नका. त्या सकाळी विमलबाई बसल्या होत्या तसे, दाराबाहेर बघत, निवांत बसा. उत्तराला वेळ लागतो.