केनवडची वेडी

“आता तीच चाल इथे, त्या वेडीच्या गावात,” मुलाखतकार म्हणाला. कॅमेरा बेबीताईच्या गावच्या घराच्या अंगणात लावला होता.

तिने पदर खोचला आणि डावा पाय ओढत, वाऱ्याशी भांडत ती अंगणभर फिरली. मुंबईहून आलेले लोक हसले. कुंपणाबाहेर जमलेलं केनवड हसलं नाही.

या चालीवरच तिला नाटकात पहिली मोलकरीण मिळाली होती. मग सगळ्या मोलकरणी तिच्याच झाल्या. त्र्याहत्तर साली टीव्हीवरच्या पहिल्या मुलाखतीत विचारलं गेलं, ही चाल कुठून आणली? ‘आईची’ हा शब्द तोंडावर आला होता. समोरच्या इस्त्रीच्या कपड्यांतल्या लोकांकडे पाहून ती म्हणाली, “आमच्या गावात एक वेडी होती.” स्टुडिओ हसला.

दुसऱ्या मुलाखतीत त्यांनी वेडीबद्दलच विचारलं. बेबीताईने वेडी वाढवली. ती लोकांच्या चुलीवरची भाकर पळवायची, पोरं तिला दगड मारायची.

पुढे कामं आटली. अठ्ठ्याहत्तरमध्ये तिसरी मुलाखत मिळाली ती गावात येऊन घेण्याच्या अटीवर. तिने भावाला, देवमनला निरोप धाडला: मायला किन्हीराजा गावी मावशीकडे नेऊन ठेव.

लेक येणार हे भागिरथाबाईला तिथेही कळलं. दुपारच्या एसटीने ती परत आली. बैलाने मांडीवर पाय दिल्यापासून तिचा डावा पाय ओढला जायचा.

“थांबव म्हटलं तं पुढं नेते मुडदा,” निघून गेलेल्या कंडक्टरशी ती अंगणात शिरतानाही भांडत होती.

सगळ्यांच्या आधी कॅमेरा तिच्याकडे वळला.

“बेबीताई, तुमची ती वेडी हीच का?” मुलाखतकार खूश होता. “अजून आहे?”

बेबीताईने आईकडे पाहिलं.

“हो,” ती म्हणाली. “हीच.”

“अवो सायेब, हे तं तिची...” शेजारचा उकंडराव बोलू लागला.

“उकंडा, चूप राय.” भागिरथाबाई मुलाखतकाराकडे वळली. “मीच थे. काय पायजे बाबू?”

“बेबीताई लहानपणी कशा होत्या, आठवतं?”

“लोकायच्या लेकरायचं कायले ध्यानात ठू?”

त्याने तिला चालायला लावलं. ऊन बरोबर नव्हतं म्हणून पुन्हा लावलं. मग दोघींना एकामागे एक, पुढे बेबीताई, मागे भागिरथाबाई. ती दमली होती, पाय कसाही पडत होता.

“आजी, यांच्याकडे बघून करा,” कॅमेरामन म्हणाला.

तिने लेकीच्या पायाकडे बघून केलं.

चहा आला. देवमनच्या बायकोने मान खाली घालून सासूपुढे कप धरला. सासूने घेतला नाही.

“बसा ना आजी,” मुलाखतकार तिच्याच बाजेवरून म्हणाला. “का घरी जायचंय? घर कुठे तुमचं?”

“थे तिकडं.” तिने हात केला. “जातो मंग.”

लोकांनी वाट दिली. ती हात केलेल्या बाजूला चालू लागली. तिकडे शेतं होती, घर एकही नव्हतं.